लाव्हा लॅम्पवरचा माझा प्रयोग आणि ९,२४० रुपयांचा धडा



व्हिडिओमध्ये काउंटरवर दोन लाव्हा लॅम्प दिसले असतील. एक चालू, एक बंद. बंद दिव्याची गोष्ट तिथं घाईत उरकली, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी वस्तू समजून घ्या

ज्या वस्तूत बदल करायचाय ती कशी चालते हे माहीत नसेल, तर हात लावू नका. हा पहिला नियम, आणि तो मी स्वतःच मोडला होता.

लाव्हा लॅम्पच्या बाटलीत रंगीत मेण आणि पाण्यासारखा द्रव असतो. साधं मेण पाण्यावर तरंगतं, म्हणून त्यात जड रसायन मिसळून त्याची घनता द्रवापेक्षा किंचित जास्त केलेली असते. खालचा बल्ब तापला की मेण वितळतं, फुगतं, हलकं होतं आणि वर चढतं. वर गार झालं की जड होऊन खाली येतं. तळाशी तारेची एक रिंग असते. ती तापते आणि खाली आलेले गोळे परत एकत्र यायला मदत करते. म्हणजे यात बल्ब शेगडीचं काम करतो. तिथं एलईडी लावला तर उजेड पडेल, पण मेण हलणार नाही.

हा दिवासुद्धा एका प्रयोगातूनच आला. इंग्लंडमधल्या एडवर्ड क्रेव्हन वॉकर यांनी एका पबमध्ये द्रव भरलेला, अंडं उकडायची वेळ दाखवणारा घरगुती टायमर पाहिला. त्या कल्पनेवर त्यांनी बरीच वर्षं काम केलं आणि १९६३ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो’ नावाचा दिवा बाजारात आणला. ‘बरीच वर्षं’ हे शब्द अधोरेखित करा. मी माझ्या प्रयोगाला एक रविवार दिला होता.

मी काय केलं

दुकानात गिऱ्हाईक तीन गोष्टी बोलायचं. एक, दिवा सुरू व्हायला दोन-दोन तास लागतात. दोन, बाटली वरून थोडी रिकामी दिसते, माल कमी भरलाय का? तीन, गाडीवरून नेताना झाकणातून गळतं.

मला वाटलं, वा! तीन तक्रारी, तीन उपाय, आपला माल बाजारात वेगळा. २५ वॉटच्या जागी ४० वॉटचा बल्ब लावला. बाटली रंगीत डिस्टिल्ड वॉटरने गळ्यापर्यंत भरली. झाकण सिलिकॉनने पक्कं बसवलं. असे सहा दिवे केले. १,४०० ची खरेदी, साधा दिवा १,९०० ला जायचा, हा ‘स्पेशल’ २,२०० ला. साहित्य दिव्यामागे ४० रुपये. सहाही आठवड्यात संपले. मी खूश.

नवव्या दिवशी एक ताई दुकानात आल्या. हातात पिशवी, पिशवीत दिवा. मुलीच्या वाढदिवसाला सहा तास लावला होता. झाकण उडालं, गरम रंगीत पाणी शोकेसवर आणि मुलीच्या चित्रकलेच्या वहीवर सांडलं.

ताई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “दादा, पाच मिनिटं आधी ती तिथंच बसून चित्र काढत होती. केक बघायला आत आली म्हणून.”

पुढचं वाक्य त्यांनी बोललं नाही. मला रात्रभर ऐकू येत होतं.

चूक कुठं झाली

बाटलीतली मोकळी जागा कमी माल भरल्याची नव्हती. द्रव तापला की फुगतो, त्याला ती जागा लागते. मी ती भरून टाकली. वर झाकण चिकटवून दाब बाहेर पडायची वाट बंद केली. आणि खाली जाळ वाढवला. तिन्ही बदल एकमेकांना मिळाले.

हे नशिबावर निभावलं. २००४ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या केंट शहरात एका तरुणाने असा दिवा स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तापवला. बाटली फुटली, काच छातीत घुसली आणि तो गेला. हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

हिशोब

त्याच संध्याकाळी बाकी पाच गिऱ्हाइकांना फोन केले. एक काका म्हणाले, “आमचा मस्त चाललाय, कशाला परत देऊ?” स्कूटर काढली, त्यांच्या घरी गेलो, पैसे हातात ठेवले आणि दिवा घेऊन आलो.

आता आकडे बघा:

- बदल करून मिळणारा जादा नफा: (३०० – ४०) × ६ = १,५६० रुपये
- परत दिलेले पैसे: २,२०० × ६ = १३,२०० रुपये, म्हणजे विक्री शून्य
- वाया गेलेला माल: १,४०० × ६ = ८,४०० रुपये
- वाया गेलेलं साहित्य: २४० रुपये
- शोकेसची सफाई आणि नवी वही, रंग: ६०० रुपये
- एकूण तोटा: ९,२४० रुपये

दीड हजारासाठी सव्वानऊ हजार घालवले. आणि हे स्वस्तात सुटलो म्हणायचं.

कायद्याचंही ऐका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ८६. विकणाऱ्याने वस्तूत बदल केला आणि नुकसान मुख्यतः त्या बदलामुळे झालं, तर जबाबदारी विकणाऱ्यावर येते. “कंपनीचा माल आहे” हे वाक्य मग चालत नाही. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला त्या क्षणी आपण त्या मालाचे अर्धे कारखानदार झालो.

मग प्रयोग करायचेच नाहीत का?

करायचे. मी आजही करतो. पण पद्धत बदलली.

१. एका वेळी एकच बदल. तीन एकदम केले तर कशाने काय झालं ते कळत नाही.

२. शेजारी एक न बदललेला दिवा ठेवा. तुलना त्याच्याशीच.

३. वहीत लिहा: तारीख, बल्बचा वॉट, किती वाजता लावला, मेण कधी हललं, बाटली किती तापली.

४. गिऱ्हाईक जास्तीत जास्त वापरेल त्याहून जास्त वेळ चालवून बघा. लहान मुलं जवळ नकोत, आपण समोर हवं.

५. बाटलीच्या आत हात घातलेला दिवा विकायचा नाही. तो शिकण्यासाठी.

शिकण्यापुरतं सांगतो. मेण तळाशीच बसून राहिलं तर द्रव हलका पडतोय, मिठाचं दाट पाणी थेंब-थेंब घालून तो जड करता येतो. मेण वरच अडकलं तर थोडा द्रव काढून डिस्टिल्ड वॉटर घालायचं. भांड्याच्या साबणाचा थेंब जास्त झाला की बारीक बुडबुडे होऊन सगळं गढूळ होतं. गरम दिवा हलवला तरी तेच. जुन्या दिव्यात विषारी रसायन असू शकतं, तो उघडायचाच नाही. आणि अमेरिकेतून कुणी ११० व्होल्टचा दिवा आणला तर आपल्या २३० वर थेट लावू नका.

विकायला मी आता बाहेरचे बदल करतो. सागवानी बैठक, नावाची पट्टी, सोबत सहा तासांनी बंद होणारा टायमर. आणि मराठीत एक कार्ड: “दोन तास थांबा. वरची जागा मुद्दाम आहे. हलवू नका.” त्या कार्डाला छपाईसकट दोन रुपये लागतात. तीनपैकी दोन तक्रारी त्या कार्डाने संपल्या. गळतीसाठी दिवा उभा राहील असा खोका केला.

म्हणजे गिऱ्हाइकाला वस्तू बदलून नको होती, समजावून हवी होती. हे मी आधी विचारलंच नव्हतं.

गृहपाठ

तुमच्या मालाबद्दल वारंवार येणाऱ्या तीन तक्रारी लिहा. प्रत्येकीपुढे लिहा: ही वस्तूची खोट आहे, का माहितीची? माहितीची असेल तर आधी दोन रुपयांचं कार्ड करा. स्क्रू-ड्रायव्हर नंतर.

बंद दिवा काउंटरवरून मी हलवत नाही. त्याच्या झाकणावर सिलिकॉन अजून आहे.

भेटू पुढच्या धड्यात.