कमानीनं केलेला घात

मेडशीच्या त्या मुलाकडे 17व्या वर्षी घरच्या घोडीचं काम आलं. लग्नसराईत वरातीसाठी तिला अकोला–वाशीम रस्त्यालगतच्या गावांत न्यायचं, एरवी रोज सकाळी फिरवायचं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत तो सगळ्यांत पुढे असायचा. "छाती काढून बस," असं आजोबा म्हणत, आणि तो कंबर आत ओढून पाठीची कमान करून बसायचा. बघणारे त्याच्या घोड्यावरच्या बैठकीचं कौतुक करायचे.

त्या कमानीनंच घात केला.

2023च्या उन्हाळ्यात घोडीवरून उतरलं की कंबरेत, एका बाजूला ठणका लागू लागला. मागे वाकलं की तो वाढायचा, पुढे वाकलं की जरा बरं वाटायचं. तेल चोळलं, शेक घेतला, कंबरपट्टा बांधला, दुकानातून गोळी आणली. स्वारी मात्र चालूच. तबेल्यात पाण्याची बादली उचलताना तो जागीच बसला, तेव्हा घरच्यांनी त्याला अकोल्याला नेलं. कंबरेच्या पाचव्या मणक्याच्या मागच्या भागात बारीक तडा निघाला.

"मी त पडलोच नाही, घोडीनं फेकलं बी नाही. मंग हाड कसं तडकलं?" हा त्याचा पहिला प्रश्न होता.

वाढत्या वयाच्या खेळाडूंमध्ये असा तडा डॉक्टरांना नवा नाही. त्याला स्पाँडिलोलिसिस म्हणतात. क्रिकेटमधले तरुण वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्ट यांच्यात तो बराच आढळतो, कारण त्यांची पाठ पुन्हा पुन्हा मागे वाकते आणि हाड थकत जातं. घोडीवरही तसंच होतं. दुडक्या चालीत घोड्याचा एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय जोडीनं पडतो. दर ठोक्याला स्वार वर उचलला जातो, खाली येतो. नितंब आणि कंबर लवचीक असतील तर हा झटका तिथं मुरतो. कंबर कमानीसारखी ताणून धरली, तर त्याचा मोठा वाटा मणक्यांच्या मागच्या बाजूला सोसावा लागतो.

डॉक्टरांनी 3 महिने स्वारी बंद केली, पण अंथरुणाला खिळून राहू नको, चालत राहा, असंही बजावलं. त्याच काळात, सप्टेंबरमध्ये, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीतल्या ड्रेसाज प्रकारात भारताच्या संघानं सुवर्णपदक जिंकलं. मुंबईचा हृदय छेडा त्या संघात होता. मेडशीतला हा पोरगा फोनवर ती चित्रफीत थांबवून थांबवून पाहत राहिला. स्वारांचे खांदे स्थिर, पण कंबर घोड्याच्या पाठीबरोबर हलत होती. कमान कुणाचीच नव्हती. ग्रीक लेखक झेनोफननं सुमारे 2,400 वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं: घोड्यावर खुर्चीत बसल्यासारखं बसू नये, पाय फाकवून उभं राहिल्यासारखं बसावं.

आता गावातली पोरं घोडीवर बसायला मागतात, तेव्हा तो त्यांना आधी स्टुलावर बसवतो. पाठीला पोक काढायला लावतो, मग पूर्ण कमान करायला लावतो, आणि दोन्हींच्या मधे जिथं दोन्ही बैठकहाडांवर सारखा भार येतो तिथं थांबवतो. घोडीवरही हीच बैठक हवी. बाजूनं पाहिलं तर कान, खांदा, नितंब आणि टाच एका उभ्या रेषेत दिसावीत. दोन्ही रिकिबी सारख्या लांबीच्या आहेत का, हे मागं उभ्या असलेल्या माणसाकडून तपासून घ्यावं. दुडकीवर शिकाऊ स्वारानं एक ठोका वर, एक ठोका खाली अशी लय धरावी. रोज एकाच बाजूनं चढलं की कंबरेला एकाच बाजूचा पीळ बसतो, म्हणून ओट्यावरून किंवा दगडावरून चढावं.

त्याची खरी तयारी मात्र जमिनीवर होते. कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग पाटासारखं धरणं, रांगत्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय उचलणं, मग उलट बाजू. आठवड्यातून 4 दिवस. मांडीमागचे स्नायू तो रोज ताणतो, कारण झपाट्यानं उंची वाढते त्या वयात ते आखडतात. तडा भरत असताना भुजंगासन आणि धनुरासन त्याला मना होतं. दुखऱ्या पाठीवर कुणी ऐकीव आसनं करू नयेत. बादली उचलताना तो गुडघ्यांत वाकतो आणि ती अंगाजवळ धरतो.

दुखणं 2 आठवड्यांपेक्षा जास्त राहिलं, रात्री झोपेतून उठवू लागलं किंवा तापासोबत आलं, तर गोळ्यांवर वेळ काढू नये. पडल्यानंतर पाठ जोरात दुखली, पाय लुळा पडू लागला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरता आली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावं. असं पडलेल्या माणसाला ओढून उभं करू नये.

यंदाच्या शिवजयंतीला तो पुन्हा घोडीवर होता, या वेळी हेल्मेट घालून. आजोबांनी सवयीनं हाक दिली, "छाती काढ!" तो हसला, खांदे सैल सोडले आणि टाचा खाली घेतल्या.