साउंडबार घेताय? आधी टीव्हीच्या मागे डोकावून बघा

टीव्ही जसजसे पातळ होत गेले, तसतसा त्यांचा आवाजही पातळ होत गेला. स्पीकरला आतून जागा लागते, ती आता उरलेली नाही. शिवाय स्पीकर बसवलेले असतात खाली किंवा मागे, भिंतीकडे तोंड करून. परिणाम घरोघरी दिसतो. मालिकेचं पार्श्वसंगीत कानठळ्या बसवतं, संवाद आला की रिमोट शोधायचा. साउंडबारने हे दुखणं जातं. पण दोन हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत पसरलेल्या या बाजारात खोक्यावरचे वॉट आणि ‘डॉल्बी’चा ठसा बघून निर्णय घेतला, तर पैसे हमखास चुकीच्या जागी जातात.

सुरुवात आपल्या टीव्हीपासून करा. मागच्या एचडीएमआय पोर्टपैकी एकाशेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ (एआरसीची सुधारित आवृत्ती) असं लिहिलेलं आहे का, ते बघा. एआरसीची सोय 2009 मध्ये एचडीएमआय 1.4 बरोबर आली, त्यामुळे गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक टीव्हींना ती असते. या पोर्टातून टीव्हीचा आवाज एकाच केबलने बारकडे जातो. सेटिंगमध्ये ‘सीईसी’ चालू केलं की टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो आणि तो टीव्हीबरोबरच बंदही होतो. (सॅमसंगवर याचं नाव ‘एनीनेट प्लस’, एलजीवर ‘सिम्पलिंक’, सोनीवर ‘ब्राव्हिया सिंक’. वस्तू एकच.) घरात वयस्कर माणसं असतील तर ही एका रिमोटची सोय इतर कुठल्याही सोयीपेक्षा मोलाची.

एआरसी नसेल तर ऑप्टिकल पोर्ट वापरा. स्टिरिओ आणि साधा 5.1 डॉल्बी आवाज त्यातून नीट जातो, डॉल्बी अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज येतोय असं भासवणारा) जात नाही. अशा टीव्हीला अ‍ॅटमॉसचा बार घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. ब्लूटूथवर तर टीव्हीसाठी विसंबूच नका. आवाज ओठांच्या मागून येतो आणि ते एकदा लक्षात आलं की सिनेमाभर दुसरं काही दिसत नाही. ब्लूटूथ मोबाइलवरच्या गाण्यांपुरतं ठीक.

विक्रेता ‘ईएआरसी नसेल तर टीव्हीच बदला’ म्हणाला, तर ऐकू नका. नेटफ्लिक्स, प्राइम यांच्यावरचा अ‍ॅटमॉस साध्या एआरसीतूनही जातो, फक्त टीव्हीने तो पुढे पाठवायला हवा. ईएआरसीची खरी गरज ब्लू-रे आणि गेमिंग कन्सोलवाल्यांना. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेलं असेल तर महागडा बारही बहुधा दोनच चॅनेलचा आवाज देतो. तिथे ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ करा.

आता आकडे. 2.1 म्हणजे डावा-उजवा स्पीकर आणि सबवूफर. 3.1 मध्ये मधला स्पीकर वाढतो आणि संवाद मुख्यतः तिथून येतात. 5.1 मध्ये मागचे किंवा बाजूचे दोन. 5.1.2 मधला शेवटचा आकडा छताकडे तोंड केलेल्या स्पीकरचा. बातम्या, मालिका, नाटकं आणि सिनेमे बघणाऱ्या घराने माझ्या मते मधल्या स्पीकरवर पैसे घालावेत, सबवूफरच्या आकारावर नाही. दुकानात मात्र दणका ऐकवला जातो.

सध्याचे भाव साधारण असे. दोन ते चार हजारांत नुसती पट्टी मिळते. बेडरूममधल्या 32 इंची टीव्हीला पुरे. पाच ते दहा हजारांत बोट, झेब्रॉनिक्स यांचे सबवूफरवाले बार येतात. दणका भरपूर, संवाद यथातथा, पण एचडीएमआय असेल तर सौदा वाईट नाही. बारा ते पंचवीस हजार हा सगळ्यात कामाचा टप्पा. सोनी, जेबीएल, सॅमसंग, एलजी सगळे इथे आहेत. याच टप्प्यातल्या सोनीच्या एचटी-एस20आरला मागचे स्पीकर मिळतात, पण त्यांची वायर सोफ्यामागपर्यंत न्यावी लागते. खऱ्या अर्थाने अ‍ॅटमॉस म्हणावा असा आवाज तीस हजारांच्या पुढे सुरू होतो आणि मागच्या वायरलेस स्पीकरसकट संच घ्यायचा तर सत्तर हजार ते लाख.

अ‍ॅटमॉसवर खर्च करण्याआधी वर बघा. छताकडे तोंड केलेले त्याचे स्पीकर आवाज छतावर आपटून खाली आणतात. त्याला सपाट, टणक छत लागतं. फ्लॅटच्या स्लॅबखाली जमतं. कोकणातल्या उतरत्या कौलांखाली किंवा माळ्याच्या घरात तो पैसा वाया. शिवाय नेटफ्लिक्सवर अ‍ॅटमॉस हवा तर महिना 649 रुपयांचा प्रीमियम प्लॅनच लागतो, हा खर्च बारच्या किमतीत कोणी धरत नाही.

न धरलेले खर्च आणखी आहेत. ‘वायरलेस’ सबवूफरला आणि मागच्या स्पीकरना सिग्नलची वायर नसते, विजेची असतेच. सोफ्यामागे पॉइंट नसेल तर इलेक्ट्रिशियन आला. खोक्यात एचडीएमआय केबल नसेल तर तीनचारशे रुपये, भिंतीवर लावायचा तर तेवढीच मजुरी. टीव्ही स्टँडवर असेल तर त्याच्या खालची मोकळी उंची मोजा. उंच बार पुढे ठेवला की रिमोटचा सेन्सर झाकला जातो.

टीव्हीच्याच कंपनीचा बार घ्यावा का? सॅमसंगचा ‘क्यू-सिम्फनी’ किंवा एलजीचा ‘वॉव ऑर्केस्ट्रा’ टीव्हीचे स्वतःचे स्पीकरही बारबरोबर वाजवतो, तेही ठरावीक मॉडेलवरच. भाव सारखा असेल तर घ्या, त्यासाठी जास्त मोजू नका.

वॉटच्या बाबतीत ‘आरएमएस’ आकडा विचारा. ‘पीएमपीओ’ हा खोकं सजवायचा आकडा आहे. दहा बाय पंधराच्या हॉलला शंभर वॉट आरएमएस भरपूर होतात. बिल्डिंगमध्ये राहत असाल तर ‘नाइट मोड’ आहे का बघा, कारण सबवूफरचा धक्का स्लॅबमधून खालच्या मजल्यावर आधी पोचतो.

दुकानात डेमोचा व्हिडिओ बंद करायला सांगा आणि एखादी बातमी किंवा नाटकातला प्रवेश मध्यम आवाजात ऐका. ऑनलाइन घेताय तर परतीची मुदत आणि जवळचं सर्व्हिस सेंटर आधी तपासा. जीएसटीचं बिल सांभाळून ठेवा. माल सदोष निघाला आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात शुल्काशिवाय दाखल होते.