बेस चुकला, तरी पंच गप्प का?

प्रश्न : दोन बाद, दुसऱ्या बेसवर धावपटू. बॅटरने तिसरा बेस गाठला, पण पहिल्या बेसला त्याचा पाय लागलाच नव्हता. पुढचा धावपटू होमला पोहोचला. पंचांनी बाद का दिलं नाही?

उत्तर : सॉफ्टबॉलमध्ये चुकलेल्या बेसवर पंच अपिलाशिवाय निर्णय देत नाहीत आणि ते योग्यच आहे, ती नजर क्षेत्ररक्षकांनी ठेवायची. पुढचा पिच पडण्याआधी चेंडूसह पहिल्या बेसला स्पर्श करून अपील केलं असतं, तर बॅटर तिसरा बाद ठरला असता. शिवाय तो पहिला बेस गाठण्याआधीच बाद धरला जात असल्याने धावही रद्द! दुसरा बेस चुकला असता, तर अपिलाआधी होमला पोहोचलेली धाव मात्र टिकली असती. पुढच्या वेळी शंका आली, तर आधी पिचरला थांबवा.