परतीची वेळ घरीच ठरवा

तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगड अगदी जवळ वाटतो. मार्चमधला रविवार होता, दुपारचे दोन वाजून गेले होते. माझ्या धाकट्या भावाने पाण्याची बाटली कानाशी नेऊन हलवली. आवाज आला नाही. "ताई, आता उतारच तर आहे. पोचू की," तो म्हणाला. मी हो म्हटलं. त्या एका 'हो'ची किंमत पुढच्या दोन तासांत कळली.

आम्ही तिघं होतो: मी, भाऊ आणि त्याचा मित्र. वेल्ह्यातून तोरणा चढायचा आणि डोंगरधारेने राजगड गाठायचा, असा बेत होता. पहाटे निघायचं ठरलं होतं. पण आवराआवर, पेट्रोल, वाटेत मिसळ असं करता करता चढायला सुरुवात केली तेव्हा साडेदहा झाले होते. माणशी दीड लिटर पाणी. भावाच्या पायात दोनच दिवसांपूर्वी घेतलेले बूट. आईला सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत येतो. कुठली वाट, कुठे उतरणार, याचा तिला पत्ताच नव्हता.

तोरणा १४०३ मीटर उंच. प्रचंडगड हे त्याचं दुसरं नाव चढताना पायांना पटतं. वरच्या टप्प्यात सावली नाही, कातळ तापलेला. मेंगाई देवीच्या देवळापाशी पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त पाणी संपलं होतं. तिथूनच माघारी फिरायला हवं होतं. पण 'इतके आलोच आहोत' म्हणत आम्ही पुढे गेलो.

बुधल्यापुढचा उतार मुरमाड, घसाऱ्याचा. वाळक्या गवतावरून पाय सटकत होते. खाली धारेवर आलो आणि भावाच्या पोटऱ्यांत गोळे आले. आधी तो हसण्यावारी नेत होता, मग गप्प झाला. चेहरा पांढराफटक, अंग घामाने ओलंचिंब आणि हाताला गार. मळमळायला लागलं. मोबाइलला रेंज नव्हती.

आम्हाला सावरलं ते धारेवरच्या एका धनगराच्या घराने. घरातल्या आजी म्हणाल्या, "लेकी, आधी त्याची बुटं काढ." त्यांनी त्याला ओसरीवर आडवं केलं, पायांखाली घोंगडीची वळकटी सारली, ओल्या फडक्याने मान आणि काखा पुसल्या. तो तांब्याच तोंडाला लावायला धडपडत होता. आजींनी तांब्या काढून घेतला आणि मीठ-साखरेचं पाणी वाटीने घोट घोट पाजलं. ते पाणी त्या घरातल्या बायकांनी लांबच्या झऱ्यावरून डोक्यावर वाहून आणलेलं होतं. दीड तासाने तो उठून बसला. आजींच्या मुलाने आम्हाला खिंडीतल्या डांबरी रस्त्यापर्यंत आणून सोडलं.

चूक कुठे झाली, याचा मी पुढे बरेच दिवस विचार केला. पाणी कमी होतं, उशीर झाला होता, हे खरंच. पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे माघारी कधी फिरायचं, हे आम्ही डोंगरावर गेल्यावर बघू म्हणून सोडून दिलं होतं. तहानेने आणि उन्हाने डोकं जड झालं की समोरचा गड जवळ दिसतो आणि रिकामी बाटली दिसेनाशी होते. म्हणून आता आमचे सगळे निर्णय आदल्या रात्री घरी होतात. वर गेल्यावर ते फक्त पाळायचे.

पहिला निर्णय वेळेचा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला हिशेब आजही उपयोगी पडतो: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. सह्याद्रीतलं ऊन, घसारा आणि विसावा धरून मी त्याची दीडपट करते. सूर्यास्ताच्या दोन तास आधी पायथ्याशी पोचायचं, हे धरून मागे मोजत यायचं आणि कुठल्या ठिकाणाहून किती वाजता माघारी फिरायचं ते कागदावर लिहायचं.

दुसरा पाण्याचा. थंडीत आम्ही माणशी ३ लिटर नेतो, उन्हाळ्यात ४. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर निघू नका. उन्हाळ्यात काही आटतात, काहींचं पाणी पिण्याजोगं राहत नाही. निम्मं पाणी संपलं आणि निम्मी वाट झाली नसेल, तर परत फिरायचं. एक लिटर पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, अशी एक बाटली घरूनच भरून घ्या.

तिसरा सोबत्याचा. गोळे, मळमळ, गरगरणं यातलं काहीही दिसलं की चालणं तिथेच थांबवा, सावली गाठा. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ किंवा ११२ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

चौथा घरच्यांचा. वाट, पायथ्याची गावं, गाडीचा नंबर, सोबत्यांचे फोन आणि 'इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं', एवढं लिहिलेला कागद घरी ठेवा. आमचा फ्रिजवर असतो.

बाकी गोष्टी लहान, पण त्याही घरीच उरकायच्या. नवे बूट आठवडाभर वापरून पायांना सरावाचे करा. एका दिवसाच्या ट्रेकलाही टॉर्च घ्या. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. वाट ठाऊक नसेल तर गावातला वाटाड्या घ्या.

पुढच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा निघालो. आजींसाठी सॅकमध्ये साखर, चहापत्ती घेतली होती. मेंगाईच्या देवळातून साडेदहापर्यंत पुढे निघायचं, नाहीतर परत, असं लिहिलं होतं. धुक्यामुळे पायथ्याशी तासभर थांबावं लागलं, देवळाशी सव्वाअकराला पोचलो. भावानेच कागद काढला. "ताई, फिरूया." साखर, चहापत्ती तशीच घरी आली. आईला फोन गेला तो ठरल्या वेळेच्या दोन तास आधी.

फेब्रुवारीत आम्ही काळोखातच चढायला लागलो आणि वेळेत धारेवर उतरलो. आजींनी भावाला ओळखलं. आधी त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग विचारलं, "पाणी किती आणलंय रं?"

त्याने बाटली त्यांच्या कानाशी नेऊन हलवली.