फुकट मिळणाऱ्या प्रणालीचा खर्च कोण करतो?

विहिरीतून एक घागर पाणी काढले की विहिरीतले पाणी एका घागरीने कमी होते. संगणकाच्या आज्ञावलीचे तसे नाही. तिची एक प्रत काढा की लाख प्रती काढा, मूळ आज्ञावली होती तशीच राहते. मग ती सर्वांना फुकट देण्यात अडचण कोणती?

अडचण नकलेची नाही, निगेची आहे. विहिरीतला गाळ जसा वेळोवेळी उपसावा लागतो, तशाच आज्ञावलीतील चुका काढाव्या लागतात. नव्या यंत्रांशी ती जुळवून घ्यावी लागते. चोरट्यांना आत शिरता येईल अशा फटी बुजवाव्या लागतात. हे काम कधी संपत नाही. ते कोण करतो आणि कशाच्या बळावर करतो, हे आपण डेबियन या प्रणालीच्या उदाहरणावरून पाहू.

डेबियन म्हणजे काय?

1991 साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा गाभा लिहिला. संगणकाचा प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांच्याकडून काम करून घेणारा भाग म्हणजे गाभा. पण नुसत्या गाभ्यावर पत्र लिहिता येत नाही की चित्र पाहता येत नाही. त्यासाठी आणखी हजारो आज्ञावल्या लागतात. त्या गोळा करून, तपासून, एकमेकींशी जुळवून जो संच देतात, त्याला लिनक्सचे 'वितरण' म्हणतात.

16 ऑगस्ट 1993 रोजी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक याने अशा एका वितरणाची घोषणा केली. त्याची मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः इयन, या दोन नावांचा संधी म्हणजे डेबियन!

डेबियनमध्ये आज्ञावल्यांची गाठोडी करतात. त्यांना पॅकेज म्हणतात. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या 13 व्या आवृत्तीत 69,000 हून अधिक पॅकेजे होती. ती सांभाळणारे सुमारे एक हजार सभासद जगभर पसरलेले आहेत. डेबियन त्यांना पगार देत नाही. तरीही उबुंटू ही प्रसिद्ध प्रणाली डेबियनच्या पायावर उभी आहे, आणि 2013 साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील काही लॅपटॉपांवरही डेबियन बसवण्यात आले. ते संगणकावर बसवताना मराठी भाषाही निवडता येते. तो अनुवादही स्वयंसेवकांनीच केला आहे.

पैसा कोठे लागतो?

डेबियन ही स्वतः नोंदणी केलेली संस्था नाही. म्हणून तिच्या नावाने बँकेत खाते कसे उघडणार? ही अडचण दूर करण्यासाठी 1997 साली अमेरिकेत 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' ही संस्था स्थापन झाली. डेबियनला आलेल्या देणग्या ती सांभाळते. हा पैसा संगणकसामग्री विकत घेण्यास आणि सभासदांच्या भेटीगाठींच्या प्रवासास उपयोगी पडतो. त्यांचे एक वार्षिक संमेलनही भरते. 2023 साली ते केरळात कोची येथे भरले होते. संचाच्या प्रती अनेक विद्यापीठे आणि कंपन्या आपापल्या यंत्रांवर ठेवतात. त्यामुळे वाटपाचा मोठा बोजा विभागला जातो.

मग सभासदांनाही पगार दिला, तर काम भराभर होणार नाही काय? हा प्रयोग होऊन गेला आहे. 2006 साली काही जणांनी वेगळा निधी उभारला. त्यातून दोघा जबाबदार सभासदांना मोबदला देऊन नवी आवृत्ती डिसेंबरपर्यंत आणावी, असे ठरले. पण इतरांना प्रश्न पडला: काम सगळेच करतात, मग पैसे दोघांनाच का? वाद झाला, काहींनी नाराजीने आपले काम कमी केले. आवृत्ती अखेर 8 एप्रिल 2007 रोजी आली. स्वखुशीने चाललेल्या कामात मोजक्यांनाच मोबदला दिला, तर बाकीच्यांचा उत्साह ओसरू शकतो, हे यावरून दिसते.

याचा अर्थ पैसा नेहमीच अपाय करतो असा नाही. जुनी आवृत्ती पाच वर्षे सुरक्षित ठेवणे हे कंटाळवाणे काम आहे, त्यात नवे काही घडत नाही. ते आपणहून अंगावर घ्यायला फारसे कोणी तयार नसते. पण मोठमोठ्या कंपन्यांना त्याचीच गरज असते. म्हणून 2014 पासून अशा कंपन्या वर्गणी देतात, आणि डेबियनबाहेरची एक कंपनी त्यातून तासांच्या हिशोबाने मोबदला देऊन हे काम करून घेते. ज्याला गरज, त्याने खर्च सोसावा, हा त्यातील न्याय.

पोरकी पॅकेजे

पण स्वयंसेवक थकला तर? नोकरी बदलते, घरी आजारपण येते, कधी मनच लागत नाही. डेबियनच्या घटनेत एक शहाणपणाचे कलम आहे: कोणाही सभासदावर काम करण्याची सक्ती नाही. वेळ नसेल तर तो आपले पॅकेज 'पोरके' झाल्याचे जाहीर करतो. पोरक्या पॅकेजांची यादी सर्वांना पाहता येते आणि इच्छुक माणूस त्यातील एखादे 'दत्तक' घेतो. तोवर एक गट त्यांची देखभाल करतो. थकवा लपवून ठेवण्यापेक्षा तो उघड सांगणे येथे सोपे केले आहे.

ही सोय किती मोलाची, ते 2024 साली कळले. माहिती दाबून लहान करणारी 'एक्सझेड' नावाची आज्ञावली डेबियनच्या बाहेर तयार होते, पण डेबियनसह बहुतेक वितरणे ती वापरतात. ती अनेक वर्षे मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. तो थकला होता. अशा वेळी टोपणनावाने एक 'मदतनीस' आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने चांगले काम करून विश्वास मिळवला, आणि मग आज्ञावलीत एक चोरदार ठेवले!

अँड्रेस फ्रॉइंड हा अभियंता डेबियनच्या चाचणीसाठी असलेल्या रूपावर काम करत होता. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने कारणाचा माग काढला आणि 29 मार्च 2024 रोजी चोरदार उघड केले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते अजून पोहोचले नव्हते. मूळ मजकूर सर्वांना वाचायला खुला होता, म्हणूनच एका चौकस माणसाला शोध लावता आला. पण त्या एकट्या सांभाळणाऱ्याला वेळीच खरे सोबती मिळाले असते, तर चोराला शिरकाव करणे बरेच अवघड गेले असते.

तेव्हा फुकट मिळणाऱ्या प्रणालीची किंमत कोणीतरी मोजतच असतो, कधी पैशाने तर कधी रात्रीच्या झोपेने. यंत्रे आणि प्रवास पैशाने मिळतात. माणसाची उमेद टिकते ती ओझे वाटून घेतल्याने. एखादी चूक नीट कळवणे, एखाद्या वाक्याचा मराठी अनुवाद करणे, हेही ओझे वाटून घेणेच होय, आणि ते तुम्हालाही करता येईल.

विचार करा

1. विहीर आणि आज्ञावली यांत साम्य कोणते, फरक कोणता?
2. 2006 मधील मोबदल्यामुळे वाद झाला; 2014 पासूनची व्यवस्था मात्र टिकली. असे का झाले असावे?
3. तुमच्या शाळेतील कोणते काम एकाच व्यक्तीवर अवलंबून आहे? ती व्यक्ती महिनाभर आली नाही तर काय होईल?