चोक सोडला की गाडी बंद

प्रश्न : माझी जुनी स्प्लेंडर चार महिने उभी होती. आता चोक ओढला तरच चालते. मोठा कार्बोरेटर बसवू का?

उत्तर : मुळीच नको. ९७ सीसीच्या इंजिनाला त्याने पेट्रोलच जास्त लागेल. चोक हवा अडवतो, मिश्रणात पेट्रोल वाढतं. त्यावरच गाडी चालते म्हणजे बहुतेक पायलट जेट तुंबलाय. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर उरतो. कॉक बंद करून बाउल उघडा, जेट काढून क्लीनर फवारा आणि उजेडासमोर धरा. केसाएवढं भोक आरपार दिसायला हवं. तार घालू नका, पितळ मऊ असतं. माझा एक जेट असाच वाया गेलाय. एअर स्क्रू काढण्याआधी हलकेच पूर्ण आवळून फेरे मोजा, बसवताना तेवढेच सोडा. आणि हे सगळं उघड्यावर, विडीकाडीपासून लांब करा.