पूर्णाकाठची चोपण जमीन

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे. तिच्या पायथ्यापासून दक्षिणेस पूर्णा नदीचे सपाट खोरे पसरलेले आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतून जाणाऱ्या वाटसरूस दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन दिसते. एवढी खोल माती पाहून तो म्हणेल, ‘येथे काय उणे असणार!’ परंतु तिचे अवगुण शेतकऱ्यास ठाऊक असतात. अकोला व अमरावती जिल्ह्यांतही पसरलेल्या या प्रदेशास खारपाण पट्टा म्हणतात. येथील विहिरींचे पाणी खारट आणि बरीचशी जमीन चोपण आहे.

चोपण म्हणजे काय, हे एका साध्या प्रयोगाने कळते. काचेच्या पेल्यात पावसाचे स्वच्छ पाणी घ्यावे, त्यात अशा मातीचे वाळलेले लहानसे ढेकूळ अलगद सोडावे आणि पेला न हलवता ठेवून द्यावा. काही तासांत ढेकळाभोवती गढूळ वलय दिसू लागते. दुसऱ्या दिवशीही पाणी निवळत नाही. चांगल्या जमिनीचे ढेकूळ फार तर फुटते व त्याचे तुकडे तळाशी बसतात.

याचे कारण सोडियम. मातीच्या कणांवर तो अधिक प्रमाणात असला की ओले होताच कण एकमेकांपासून सुटे होतात. पेल्यात घडते तेच पावसाळ्यात शेतात घडते. सुटे कण मातीची छिद्रे बुजवतात. पाणी मुरत नाही, वरून वाहू लागते आणि जाताना माती घेऊन जाते. पिकाचे बरेचसे अन्न याच बारीक कणांना चिकटलेले असते. त्यामुळे मोलाने घातलेले खतही गढूळ पाण्याबरोबर पूर्णेला मिळते. नदीकाठी तर जमिनीला खोल घळी पडल्या आहेत. पाऊस उघडला की मातीवर कडक पापुद्रा धरतो व कपाशीचे कोंब त्याखाली अडकतात. मग दुबार पेरणीवाचून गत्यंतर नसते. आणि दुसऱ्या बियाण्याचे पैसे सर्वांच्याच गाठीला असतात असे नाही.

या दुखण्यावर जिप्सम हा उपाय आहे. राजस्थानात बिकानेर, नागौर या भागांत हे खनिज सापडते. त्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतो आणि सुटे कण पुन्हा एकत्र येतात. अकोल्यास 1969 साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अशा जमिनींसाठी जिप्समची शिफारस करते. माती तपासून मात्रा ठरवावी लागते. पावसाळ्यापूर्वी जिप्सम शेतात पसरून वरच्या थरात मिसळतात. पांढरी भुकटी पाहून कित्येक जण त्यालाच खत समजतात व शेणखत देणे सोडतात; ही मोठी चूक होय. शेणखत किंवा धैंच्याचे हिरवळीचे खत जोडीला असले तरच मातीची घडण टिकते.

सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्यात विरघळून शेताबाहेर गेला पाहिजे. म्हणून बांधाच्या कडेने चर खणतात. उन्हाळ्यात मात्र खरा पेच पडतो. पीक सुकू लागले म्हणून विहिरीचे खारे पाणी दिले, तर हुसकावलेला सोडियम त्याच पाण्यातून परत येतो. यासाठी अनेक शेतकऱ्यांनी शेततळी खोदून पावसाचे गोडे पाणी साठविले आहे. ते थोडे असते, परंतु हरभऱ्यास एखादी पाळी द्यावयास पुरते.